नऊ वाट्यांची साकी

चिठ्ठी लहानशीच आहे. जुन्या पंचांगाचं शेवटचं पान फाडून त्याच्या कोऱ्या बाजूवर बाबांनी शिसपेन्सिलीने एक साकी लिहिली आहे. साकी म्हणजे कीर्तनात म्हणायचं दोन ओळींचं पद. त्यातला पहिला शब्द 'सात' असा होता. तो कुणीतरी लाल शाईने खोडून वर 'नऊ' लिहिलंय. ते लाल अक्षर माझं आहे.

माझे वडील ह.भ.प. माधवबुवा आठल्ये दिवसा मिरजेच्या पोस्टात तिकिटं विकायचे आणि संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या देवळात नारदाच्या गादीवर उभे राहायचे. कीर्तनकार जिथे उभा राहतो ती जागा नारदाची, अशी आमच्याकडे श्रद्धा आहे. माणूस कसाही असो, फेटा बांधून त्या चार हातांच्या जागेत उभा राहिला की म्हातारीकोतारीसुद्धा येऊन त्याच्या पाया पडतात. त्या पाया पडण्याचं बाबांना फार भय वाटे. "नमस्कार नारदाला असतो गं, मी मधला पोस्टमन," असं ते म्हणायचे. आणि म्हणून त्या जागेवरून खोटं बोलायचं नाही, ऐकीव सांगायचं नाही, कळल्याशिवाय काही सांगायचं नाही, हे त्यांचं व्रत होतं.

कळलं की नाही याची परीक्षाही त्यांची स्वतःची होती. जे चालीत बसवता येत नाही ते कळलेलं नाही. मी दहावीत असताना त्यांनी माझी मूलद्रव्यांची सारणी आर्येत बसवून दिली होती. परीक्षेच्या हॉलमध्ये मी ती पुटपुटत होते, तर पर्यवेक्षिका जवळ येऊन म्हणाल्या, "देवाचं नंतर, आधी पेपर."

पुढे मी केलेल्या औषधाची मूळ कल्पनाही त्यांचीच. हे मी आज लिहिते आहे. तेव्हा ते कुठल्याच कागदावर लिहिलं नाही.

२०३४ च्या श्रावणात ते घाटाखालच्या केळवलीला कीर्तनाला गेले होते. तिथल्या आरोग्य उपकेंद्राच्या सिस्टर लोखंडे कीर्तनाला यायच्या त्या खांद्याला बर्फाचा डबा अडकवूनच. डब्यात बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवणारं इंजेक्शन. ते गार ठेवावं लागतं. उन्हात चार-सहा दिवस राहिलं तर बाटलीत दिसायला तसंच दिसतं, पण आतलं औषध मेलेलं असतं. त्या आठवड्यात वरच्या वाडीतली एक बाई गेली. सिस्टरनी इंजेक्शन वेळेवर दिलं होतं. औषधच मेलेलं होतं.

बाबा घरी आले आणि दोन दिवस नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी मोरावळ्याची बरणी पुढे ओढून मला म्हणाले, "हा आवळा गेल्या माघातला. अजून हिरवा वास येतो. आणि तुमचं औषध चार दिवस टिकत नाही? साखरेत का घालत नाही तुम्ही ते?"

मी हसले. औषधशास्त्रात डॉक्टरेट घेतलेली मुलगी मोरावळ्याला हसणारच. मग रात्रभर तळमळले आणि सकाळी तेव्हाच्या नोकरीच्या लॅबमध्ये जाऊन साखर मागवली.

बाबांना मी जसं समजावलं तसंच इथे सांगते. औषधाचा रेणू म्हणजे एक वळसे घातलेली साखळी. पाण्यात तो सतत थरथरत असतो आणि ऊन वाढलं की थरथरता थरथरता तुटतो. त्याला न तोडता गच्च धरून ठेवायचा असेल तर साखरेचा पाक उपयोगी पडतो. पण पाक वाळताना दोन तऱ्हा होतात. एक खडीसाखरेची. तिच्यात साखरेचे कण ओळीने रचले जातात आणि मध्ये आलेल्या रेणूला बाहेर ढकलतात. दुसरी काचेची. पाक रचला न जाता आहे तसा थिजतो, लहान मुलांच्या पारदर्शक गोळीसारखा. त्या काचेत रेणू जिथल्या तिथे निजतो. पाणी घातलं की काच विरते आणि रेणू जागा होतो. शास्त्रज्ञांना हे जुनंच ठाऊक होतं. अडचण होती ती आपल्या हवेची. दमट हवेत साखरेची काच ओलावते, मऊ पडते आणि औषध मरतं. ती मऊ पडू नये म्हणून दोन जातींच्या साखरा, त्यांचं नेमकं प्रमाण, चिमूटभर जस्ताचा क्षार आणि वाळवण्याची एक संथ रीत, एवढं शोधायला मला आणि माझ्या अकरा सहकाऱ्यांना साडेतीन वर्षं लागली.

या साडेतीन वर्षांचा खर्च बाहुबली मगदूम यांनी केला. साहेबांचा मूळ धंदा साखर कारखान्यांना यंत्रं पुरवण्याचा. आई बाळंतपणात गेलेली, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही. यंत्रांचा कारखाना विकून त्यांनी कुपवाडच्या एमआयडीसीत आमची लॅब उभी केली. माणूस सरळ. दर सोमवारी येऊन विचारायचे, "मॅडम, काच झाली का?" आणि नाही म्हटलं की, "होईल की. साखर आपल्या जिल्ह्याचीच हाय, ऐकंल," एवढं म्हणून जायचे.

काच झाली २०३८ च्या फेब्रुवारीत. केळवलीच्या उपकेंद्राच्या पत्र्याखाली औषध ठेवून पाहिलं होतं, आधीचा सगळा पावसाळाभर. काढलं तर जिवंत.

त्या संध्याकाळी मी घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. आमच्या घरात दुसरी पद्धतच नव्हती. आई गेल्यापासून मी काय केलं ते त्यांना सांगायचं आणि त्यांनी काय गायलं ते मला. वाट्या मांडून दाखवल्या. त्यांनी दोन्ही साखरांची नावं तीनदा म्हणून घेतली, किती ऊब, किती तास, सगळं बोटांवर मोजलं. आणि म्हणाले, "या रामनवमीच्या उत्सवात सांगू का? लक्ष्मण निजलाय, संजीवनी येते, त्याच्या आधी दृष्टांत म्हणून. लोकांना कळू दे, देव कुठे कुठे काम करतो ते."

मी म्हटलं, "सांगा की."

एवढंच. दोन शब्द.

दोन दिवसांनी त्यांनी चिठ्ठी पुढे केली. मी चहा पीत पीत वाचली आणि लाल पेनाने 'सात'चं 'नऊ' केलं. बाबा ओशाळले. मग बोटांवर मात्रा मोजून म्हणाले, "बरं झालं, नऊच निघाल्या. अकरा असत्या तर चालीतून घसरलं असतं. तुमच्या शास्त्राला चालीचा काही विचार?"

चैत्र शुद्ध सप्तमीचं ते कीर्तन मला अजून जसंच्या तसं दिसतं. आमच्या गल्लीतलं रामाचं देऊळ, फेट्यात खोचलेला मोगरा, पुढे बायका, मागे खांबाला टेकलेले म्हातारे. पूर्वरंग झाला, बुवांना हार घातला, बुक्का लावला, आणि उत्तररंगात लक्ष्मणाला शक्ती लागल्यावर बाबा थांबले. झांजही थांबली. मग त्यांनी केळवलीची ती बाई सांगितली. नाव न घेता, पण अशी सांगितली की पुढच्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. आणि मग मोरावळा, काच, दोन साखरा, त्यांची नावं, ऊब, तास. शेवटी साकी.

नऊ वाटि ती एक शर्करा, दोन दुजीच्या ठेवा ।
चिमूट जस्ताची वर टाका, औषध निजते देवा ॥

लोकांनी ती तीनदा म्हणायला लावली. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. देवळाच्या कमिटीने नेहमीसारखं सगळं चित्रित करून इंटरनेटवर टाकलं, आणि त्यात टाळ्या वाजवतानाचा माझाही चेहरा आहे.

पेटंटचा अर्ज आम्ही जूनमध्ये केला.

आता या पेटंटचं थोडं सांगायला हवं. संशोधन महाग असतं आणि नक्कल स्वस्त. एकाने वर्षानुवर्षं पैसा घालून वाट शोधायची आणि दुसऱ्याने सहा महिन्यांत त्या वाटेने पुढे निघून जायचं, असं झालं तर पहिला माणूस वाट शोधायला निघणारच नाही. म्हणून सरकार त्याच्याशी एक सौदा करतं. तू तुझी रीत जगाला उघड करून सांग, बदल्यात वीस वर्षं ती रीत फक्त तुझी. सौद्याची अट एकच. जे तू सांगतो आहेस ते नवं हवं. अर्जाच्या आधी ते कुठे चारचौघांत सांगितलं गेलं असेल, छापलं असेल, बोललं असेल, तर ते सगळ्यांचं झालं.

जुन्या काळी ही अट कागदावर होती. तपासनीस जुने अर्ज आणि शोधनिबंध चाळायचे, गल्लीतल्या देवळात कोण काय बोललं हे त्यांना कुठून कळणार? पण त्याआधीच्या वर्षी 'श्रवण' आलं होतं. श्रवण ही पेटंट कचेरीची नवी यंत्रणा. जगातलं उघड्यावर असलेलं प्रत्येक ध्वनिमुद्रण ती ऐकते. भाषणं, पाककृती, बाजारातले वाद, शाळेची स्नेहसंमेलनं. शब्द नाही, अर्थ जुळवते. म्हणून भाषा कुठली, बोललं की गायलं, याने तिला काही फरक पडत नाही. ती सुरू झाल्यापासून मोठ्या कंपन्यांनी आपल्या नोकरांना घरीसुद्धा तोंड उघडू नका अशी ताकीद दिली होती. संशोधकांच्या लग्नाच्या बोलण्यात म्हणे मुलीकडच्यांकडून गप्प बसण्याची हमी मागत. आम्ही यावर हसायचो. नवविधा भक्तीत श्रवण पहिली आणि कीर्तन दुसरी, तर सरकारला निदान अर्धी भक्ती तरी साधली, असं बाबा म्हणाले होते.

अर्ज केल्यावर चाळीस सेकंदांत श्रवणचं उत्तर आलं. पूर्वज्ञान आढळलं. मिरज, चैत्र शुद्ध सप्तमी, सत्तेचाळिसावं मिनिट. सोबत साकी जोडलेली, तिचा आठ भाषांतला अर्थ, आणि शेरा: कृती पूर्ण असून जाणकारास करता येण्याजोगी आहे. बाबांची आयुष्यातली सर्वांत कडक परीक्षा झाली होती आणि ते शंभर टक्क्यांनी उत्तीर्ण झाले होते.

मगदूम साहेबांनी तो कागद दोनदा वाचला. रागावतील म्हणून मी उभी होते. ते बसले आणि म्हणाले की मॅडम, पाणी द्या. मग हिशेब मांडला, तोही माझ्यासाठीच, कारण त्यांना तो पाठ होता. औषध माणसांवर तपासायला अजून आजवरच्या तिप्पट खर्च येणार. तो कुणीतरी गुंतवणूकदार देणार. आणि उद्या ज्याला हवं तो करू शकेल अशा वस्तूवर कोण पैसा लावणार? पेटंट नसेल तर औषध फुकट होणार नाही, औषध होणारच नाही. हे ते लबाडीने म्हणत नव्हते. आजही मला ते सबंध खोटं वाटत नाही, आणि हीच तर अडचण आहे.

मुंबईच्या वकील कालिंदी रेगे पडद्यावर आल्या. त्यांनी एक वाट दाखवली. कायद्यात एक अपवाद आहे. माहिती शोधकर्त्याच्या संमतीशिवाय, विश्वासघात करून कुणी फोडली असेल आणि शोधकर्त्याने लगेच अर्ज केला असेल, तर ती माहिती फुटली असं धरत नाहीत.

"तुमच्या वडिलांनी तुमची वही तुमच्या नकळत वाचली होती का?" त्यांनी विचारलं.

"वही?" मी म्हटलं.

"मी उत्तर सुचवत नाहीये, प्रश्न विचारतेय," त्या म्हणाल्या. "पण वाचली असेल, तर त्यांचं तसं प्रतिज्ञापत्र लागेल. आणि तुमचंही. पहिल्या रांगेत तुम्ही दिसता, त्याचं कारण देता येईल. लोकांसमोर वडिलांना थांबवता आलं नाही, वगैरे."

दोन्ही कागद तयार करा, असं मी म्हटलं. माझ्या डोक्यात त्या वेळी केळवलीची बाई होती, असं मी पुढे अनेक वर्षं स्वतःला सांगत आले. होतीही. पण तिच्या शेजारी माझी अकरा माणसं होती, साहेबांची विकलेली फॅक्टरी होती, आणि खरं सांगायचं तर पेटंटावर छापलं जाणारं माझं नावही होतं.

रविवारी सकाळी मी बाबांसमोर कागद ठेवला. ते गॅलरीत बसून चिपळ्यांना तेल लावत होते. सगळं समजावून सांगितलं. त्यांनी चष्मा लावून प्रत्येक ओळ वाचली. 'माझ्या मुलीच्या संशोधनाची वही मी तिच्या नकळत वाचली व तिची संमती न घेता, तिच्या विश्वासाचा भंग करून' इथे त्यांचं बोट थांबलं.

"विश्वासाचा भंग," ते म्हणाले. "भाषा चांगली आहे यांची. ठसठशीत."

"बाबा, नसेल करायची सही तर—"

"नाही केली तर औषध होणार नाही?"

"बहुतेक नाही."

"आणि केली तर होईल?"

"होईल."

हे मी किती खात्रीने म्हटलं! एकदाही अडखळले नाही.

त्यांनी सही केली. पोस्टातली सवय, सहीखाली तारीखही घातली. मग आत जाऊन कीर्तनाच्या वहीतून ती चिठ्ठी काढून आणली आणि माझ्या हातात दिली.

"ही तुझ्याकडे ठेव. माझ्याकडे राहिली तर एखाद्या दिवशी कुणाला तरी दाखवायचा मोह होईल मला. शेवटी माणूसच आहे मी."

ती फाडून टाक असं ते म्हणाले नाहीत. फाडायला हवी हे आम्हा दोघांनाही कळत होतं. मीही फाडली नाही. बाबांचं अक्षर माझ्याच्याने कधी फाडलं गेलं नव्हतं.

प्रतिज्ञापत्रं पेटंट कचेरीत सार्वजनिक असतात, हे मला माहीत होतं. पण ती कुणी वाचतं, हे माहीत नव्हतं. महिन्याभरात एका स्थानिक वाहिनीने बातमी केली. कीर्तनकार बापाने मुलीचं संशोधन चोरलं. खाली साकीचा तुकडा, बाबांचा हसरा चेहरा. देवळाच्या कमिटीतले देवधरकाका घरी आले, चहा घेतला, आणि यंदा दासनवमीचं कीर्तन दुसऱ्या बुवांना द्यावं असं ठरतंय म्हणाले. बाबांनीच त्यांना अवघडू दिलं नाही. "मीच सांगणार होतो, घसा बरा नाही," म्हणाले. घसा ठणठणीत होता. पोस्टातले जुने सोबती रस्त्यात भेटले की चेष्टा करायचे, बुवा, आमच्याही वह्या सांभाळल्या पाहिजेत. बाबा त्यांच्याबरोबर हसायचे. एकदाही, एका माणसालाही, त्यांनी खरं सांगितलं नाही.

पेटंट मिळालं. साहेबांनी लॅबमध्ये पेढे वाटले. बाबांसाठी वेगळा पुडा दिला, आणि तो देताना माझ्याकडे पाहिलं नाही.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते, कारण फार लोकांच्या बाबतीत असंच होतं. तपासणीचा खर्च द्यायला गुंतवणूकदार आले, पाहून गेले. गरीब बाळंतिणींच्या औषधात नफा किती असणार? दोन वर्षं साहेब शहरोशहर फिरले. शेवटी एका मोठ्या परदेशी कंपनीने पेटंट विकत घेतलं. भाव चांगला दिला. साहेबांची देणी फिटली, माझ्या माणसांचे पगार चुकते झाले, आणि आम्ही सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. त्या कंपनीचं बर्फात ठेवायचं तेच इंजेक्शन शंभर देशांत जातं, आणि ते गार ठेवणाऱ्या पेट्याही त्यांच्याच. आमची काच त्यांनी कपाटात ठेवली. बनवली नाही, कुणाला बनवू दिली नाही. त्यांच्या दृष्टीने ते शहाणपणाचंच होतं. वीस वर्षांचं कुलूप हे वस्तू बनवण्यासाठी वापरता येतं, तसं न बनवण्यासाठीही वापरता येतं, ही गोष्ट मला कुणी शिकवली नव्हती, आणि मी विचारलीही नव्हती.

साहेबांचा एकदा फोन आला. "मॅडम, आपण काच इकली नाय, आई इकली," एवढंच बोलले.

बाबा या काळात देवळात जात होते. कीर्तन करायला नाही, ऐकायला. मागच्या खांबापाशी बसून झांज धरायचे. दोनेक वर्षांत लोक बातमी विसरले. नव्या दमाचे बुवा गादीवरून हात जोडून त्यांना पुढे बोलवायचे, निदान एक अभंग म्हणा म्हणायचे. बाबा नको म्हणून मान हलवायचे. आता कुणाची आडकाठी नव्हती, म्हणून एका संध्याकाळी देवळातून परतताना मीच विषय काढला. म्हटलं, बाबा, पुन्हा उभे राहा ना.

ते चालत राहिले. फुलवाल्याच्या दुकानाशी थांबून म्हणाले, "कोण म्हणून उभा राहू? कागदावर लिहिलंय ते खरं असेल तर मी चोर. खोटं असेल तर खोटी सही करणारा. दोघांपैकी कुणालाही लोकांनी पाया पडू नये."

मला रडू आलं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "झांज बरी आहे गं. तिला सही लागत नाही."

त्या क्षणी मला चिठ्ठी बाहेर काढता आली असती. पर्समध्येच होती. दुसऱ्या दिवशी, पुढच्या आठवड्यात, पुढच्या रामनवमीला काढता आली असती. बाबा खांबाला टेकून बसले असताना पुढे जाऊन सांगता आलं असतं, की लोकहो, हे अक्षर माझं आहे. मी वकिलांना एकदा आडून विचारलं होतं. खोटं प्रतिज्ञापत्र म्हणजे तुरुंगही होऊ शकतो, तुम्हाला आणि त्यांनाही, असं रेगेबाई म्हणाल्या. या वयात बाबांना कोर्टात कशाला न्यायचं, असं मी ठरवलं. बाबांना मात्र विचारलं नाही. त्यांची संमती न घेताच त्यांची काळजी घेतली.

२०४४ च्या कार्तिकात ते गेले. दुपारी जेवून पडले, ते उठलेच नाहीत. घसा शेवटपर्यंत उत्तम होता.

यंदाच्या रामनवमीच्या उत्सवात मी कमिटीकडे दहा मिनिटं मागितली. बुवांची आठवण म्हणून चार शब्द, असं त्यांना वाटलं. सप्तमीचं कीर्तन संपून आरतीच्या आधी मी उभी राहिले. गादीच्या खाली, फरशीवर. वर उभं राहण्याचा हक्क मला नाही. आधी नमन केलं, कारण त्याच्याशिवाय सुरुवात कशी करायची हे मला ठाऊकच नाही. मग सगळं सांगितलं. मोरावळा, वाट्या, 'सांगा की' हे माझे दोन शब्द, लाल पेन, रविवारची सही. चिठ्ठी कॅमेऱ्यासमोर धरली. आणि साकी म्हटली. माझा आवाज बसका आहे, वरचा स्वर लागला नाही. दुसऱ्या ओळीला मागच्या बायकांनी सूर धरला. त्यांना ती पाठ होती. सात वर्षं झाली तरी पाठ होती. गिरणीत, निवडताना म्हणतो आम्ही, असं नंतर एकजण म्हणाली, चोरीची का असेना, चाल गोड होती.

मागच्या खांबापाशी कुणीच बसलं नव्हतं. तिथे झांज ठेवलेली होती.

देवधरकाका आरतीनंतर माझ्याजवळ आले. "घसा बरा नाही म्हणाले होते," ते म्हणाले, आणि उपरण्याने डोळे पुसत निघून गेले.

दिलेल्या पेटंटांवरही श्रवणचा कान असतो. नवव्या दिवशी कचेरीचं पत्र आलं. पेटंटाची फेरतपासणी सुरू होत आहे, आपण साक्षीदार आहात, सोबतचा तक्ता भरून पाठवा. रेगेबाईंनी फोन करून सांगितलं की अजूनही ते लाल अक्षर माझं नाही असं म्हणता येईल, आणि भावनेच्या भरात बोलले असंही म्हणता येईल. मगदूम साहेब ऐंशीचे झालेत, त्यांनी फक्त विचारलं, कोर्टाच्या तारखेला मी आलो तर चालंल का. सिस्टर लोखंडे निवृत्त होऊन पाच वर्षं झाली. त्यांच्या जागी नवी मुलगी आहे आणि बर्फाचा डबा तोच आहे. पेटंट पडलं तर तिच्या हातात काच येईल का? मला माहीत नाही. जे सगळ्यांचं असतं ते करायला पुढे कोण येतं, याचं उत्तर मगदूम साहेबांकडे नव्हतं, माझ्याकडेही नाही. कुणीतरी येईल, अशी मी रामाकडे रोज मागणी करते. पण मागच्या वेळी मी 'होईल' असं खात्रीने म्हटलं होतं, म्हणून आता तो शब्द जपून वापरते.

तक्ता साधा आहे. मी तो गॅलरीत बसून भरला, चिपळ्यांच्या शेजारी.

यंदाच्या ध्वनिमुद्रणातील आवाज कुणाचा? माझा.

पद्यरचना कुणाची? माझ्या वडिलांची.

मूळ कल्पना कुणाची? इथे जागा फार थोडी होती. मी लिहिलं, त्यांचीच.

पहिल्या सादरीकरणास शोधकर्त्याची संमती होती काय?

या ओळीपुढे दोन चौकोन होते. मी लाल पेन घेतलं.

होय.